सात नंबरची बेल

१

चार वाजता चहाची गाडी सात नंबरच्या खोलीत शिरली, तेव्हा नकाशाबाई जमिनीवर होत्या. पलंग आणि भिंत यांच्यामधल्या फटीत, उजव्या कुशीवर. खुबा मोडलेला, ओठ कोरडे पडलेले, कपडे ओले होऊन अंगावरच पुन्हा वाळलेले. त्या ओरडल्या नव्हत्या. अर्धांगाच्या झटक्याने त्यांची उजवी बाजू आणि वाचा एकाच दिवशी नेली होती. डॉक्टर म्हणाले, किमान अडीच तास त्या तिथे पडून असाव्यात.

मी वृद्धनिवासांची तपासणी अधिकारी. एकोणतीस वर्षं हेच काम करते आहे. ‘मॅडमच्या नजरेतून सुई सुटत नाही,’ असं ऑफिसात म्हणतात, आणि ते खोटं आहे असं मी कधी म्हटलेलं नाही. ही हकीकत सांगताना मला लाज वाटते, हे आधीच कबूल करते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिथे पोचले. निवास माझ्या ओळखीचा होता. सात महिन्यांपूर्वी मीच त्याला ‘उत्तम’ असा दर्जा दिला होता. लखलखीत फरशी, वह्या तर बघत राहाव्यात अशा. त्या खेपेला इथेच कुठेतरी पाय अडखळून माझी चप्पल तुटली होती, आणि मेट्रनने स्वतःची चप्पल मला घरी जायला दिली होती. ती परत करायची राहूनच गेली होती. इतकं घरच्यासारखं वातावरण!

मेट्रनने माझ्यापुढे सात नंबरची नोंदवही उघडली. दर तासाला मदतनिसाने खोलीत डोकावायचं आणि सही करायची, असा नियम. दुपारी एक, दोन, तीन, चार. चारही ओळींत एकच शब्द : ‘झोपलेल्या.’ पुढे सही.

“चार वाजता त्या जमिनीवर सापडल्या,” मी म्हटलं, “आणि वहीत चारलाही झोपलेल्या.”

“म्हणजे सह्या आधीच ठोकून ठेवल्या,” मेट्रन म्हणाली. “मी काय बोलू? मालक म्हणतात, मॅडमचा अहवाल आज संध्याकाळपर्यंत आला की बाईला पोलिसांत देऊ. अशा बाईला पुन्हा कोणी म्हाताऱ्या माणसाच्या जवळही फिरकू देता कामा नये.”

‘अशी बाई’ दाराशीच उभी होती. दुपारपाळीची मदतनीस, जिला सगळे मावशी म्हणतात. एप्रनचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती. बावीस वर्षं तिने हेच काम केलं होतं, दुसरं काही येत नव्हतं.

“सह्या माझ्याच आहेत, मॅडम,” ती म्हणाली. “पण बेल वाजली असती तर मी धावत आले असते.”

“बेलचं बटण तर उशीवरच आहे. मी आत्ताच पाहून आले.”

मावशीने मान वर केली. आधी माझ्याकडे बघितलं, मग मेट्रनकडे.

“उशीवर?” ती म्हणाली, आणि पुढे एक अक्षर बोलली नाही.

२

मी पुन्हा सात नंबरमध्ये गेले. खोलीत दोन पलंग. नकाशाबाई भूगोलाच्या शिक्षिका होत्या. मुलांकडे तोंड करून, फळ्याकडे न बघता, जगाचा नकाशा काढायच्या म्हणून त्यांचं हे नाव पडलं. दुसऱ्या पलंगावर टेलरकाकू. उभा जन्म शिवणयंत्रावर गेला, आता डोळे अधू झालेत, पण जिभेची धार गेलेली नाही.

दोन्ही पलंगांना बेल होती. लांब वायर आणि टोकाला मुठीत मावेल असं बटण. काकूंचं बटण अंगठ्याने दाबून दाबून काळपट झालं होतं. नकाशाबाईंचं मात्र दुकानातून आत्ता आणल्यासारखं पांढरं. त्यांची वायर उशीवर सरळ राहतच नव्हती. हाताने ताणली की ताणली जायची, सोडली की आपणहून वेटोळं घालायची.

मी वाकून पलंगाखाली पाहिलं. पायामागे पांढऱ्या प्लॅस्टिकच्या पट्टीचा बोटभर तुकडा पडला होता, एका बाजूने कापलेला. वायरींचे जुडगे बांधायला वापरतात ती पट्टी. एकदा ओढून आवळली की कापल्याशिवाय निघत नाही.

डाव्या हाताला टेबल. त्यावर चष्मा, रुमाल आणि स्टीलचा एक चमचा. चमच्याची पाठ सगळी खरवडलेली होती.

“काकू,” मी विचारलं, “नकाशाबाई बेल फार वाजवायच्या का हो?”

“बेल?” काकू फिसकन हसल्या. “बेल कसली डोंबलाची...” आणि गप्प झाल्या. “मला काय माहीत. मी दुपारी गोळी घेऊन झोपते. तोफ डागली तरी जाग येत नाही.”

“काल काही आवाज?”

“सांगितलं ना, झोपले होते. सगळ्यांना या मेल्या खोलीतच विचारायला यायचंय.”

“बरं. आणि हा चमचा इथे कशाला ठेवलाय?”

काकूंनी भिंतीकडे तोंड केलं. चादर कानापर्यंत ओढली.

“त्या वाटीचं मला काही विचारू नका,” त्या चादरीतून म्हणाल्या.

मी वाटीचं नाव काढलंच नव्हतं.

३

नकाशाबाई दवाखान्यात होत्या. शेजारी त्यांचा मुलगा मांडीवर बॅग घेऊन बसला होता, कोणत्याही क्षणी उठून जाता यावं असा.

“मी दर रविवारी येतो आईकडे,” मी न विचारताच तो म्हणाला.

“परवाच्या रविवारी बेल कुठे होती, आठवतं?”

त्याने बॅगेची चेन उघडली आणि लावली. “परवाच्या नाही आलो. चार... पाच रविवार झाले असतील. ऑफिसचं काम होतं.” मग हळूच म्हणाला, “पण बेलचं विचारताय म्हणून सांगतो. मी आलो होतो तेव्हा ती वर होती. उंच. मला वाटलं, नियम असेल काहीतरी. आपण कशाला नाक खुपसा, पुन्हा आईवरच राग काढायचे.”

“वर म्हणजे कुठे?”

“नीट बघितलं नाही हो,” तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते.

मी नकाशाबाईंजवळ गेले. “बाई, तुम्ही उठायला गेलात की कोणी ढकललं?”

त्यांनी डावा हात उचलला आणि तर्जनी छताकडे केली.

“कालपासून हेच चाललंय,” मुलगा म्हणाला. “देवाला म्हणते आहे, आता ने.”

“मावशीची चूक होती का?”

बोट छताकडेच. आता त्यांच्या कपाळाला आठी पडली होती. ती आठी मी ओळखते. मागच्या बाकावरच्या पोराला सोपं उत्तर येत नाही तेव्हा पडते ती. त्यांनी दवाखान्याच्या पलंगाला लटकलेलं बेलचं बटण बोटाने टोकलं. मग छत. पुन्हा बटण. पुन्हा छत. मी इतकी ताडकन उठले की खुर्ची मागे पडली.

बाई देवाला बोलावत नव्हत्या. त्या मला जागा दाखवत होत्या.

४

निवासात परतले ती थेट सात नंबरमध्ये, आणि या वयात पलंगावर चढून उभी राहिले. टेलरकाकू बघत राहिल्या. छताखालून पाण्याचा एक पाइप जातो. त्यावर धुळीचा जाड थर होता आणि थराच्या मधोमध पट्टीच्या रुंदीची एक स्वच्छ रेघ. तिथे काहीतरी महिनोन्‌महिने आवळलेलं होतं. कालपर्यंत.

म्हणजे बेल पाइपला बांधलेली होती. झोपलेल्या माणसापासून पुरुषभर उंच. बटण पांढरं शुभ्र का, वायर वेटोळं का घालते, सगळ्याचा उलगडा झाला. उरला एकच प्रश्न : बांधली कोणी?

मिस्त्रीला बोलावलं. निवासातली सगळी डागडुजी तोच करतो. पट्टीचा तुकडा बघताच त्याने डोकं खाजवलं.

“काल मीच कापली,” तो म्हणाला. “बाईंना गाडीत घालून नेलं आणि मेट्रन म्हणाल्या, वायर खाली घे, उशीवर ठेव.”

“आणि बांधली कोणी?”

“मीच. पण माझ्या मनाने नाही, मॅडम! मी तेव्हाच म्हटलं होतं, म्हातारीचा हात कसा पोचणार? मावशी तर माझ्याशी भांडलीसुद्धा. पण वरून हुकूम आला होता. लेखी.”

“मालकांचा?”

“त्यांच्यापण वरून.”

माझ्या अंगात तपासाचं वारं शिरलं होतं. कोण हा दिवटा, त्याचं नाव अहवालात ठळक अक्षरांत घालते, असं मी मनात म्हणत होते. “नाव सांग,” मी दरडावलं. “मी कोणाला भीत नाही.”

मिस्त्रीने माझ्याकडे बघितलं नाही. तो बराच वेळ माझ्या पायांकडे बघत राहिला. माझ्या चपलांकडे.

“मेट्रनलाच विचारा,” तो म्हणाला, आणि पेटी उचलून निघून गेला.

५

मेट्रनने ऑफिसचं दार लावून घेतलं. ती रागावलेली नव्हती. उलट, माझी कीव करत असल्यासारखी हळू बोलत होती.

“मॅडम, मावशीच्या सह्या खोट्या आहेत. हे खरं आहे ना? मग तेवढंच लिहा. त्याच्या मागे जाऊ नका.”

“बेल बांधायचा हुकूम कोणाचा होता?”

तिने कपाटातून निळ्या पुठ्ठ्याची वही काढली. तपासणीत जे शेरे मिळतात, त्यांची पूर्तता कशी केली ते लिहायची वही. पान उघडून तिने माझ्यापुढे सरकवलं.

‘खोली सात. बेलची वायर जमिनीवर लोळते. अडखळून पडण्याचा धोका. वायर वर बांधावी.’

खाली सही. माझी.

मी वाचत राहिले. शब्द तेवढेच होते, पण संपेनात. सात महिन्यांपूर्वी मी त्या खोलीत शिरले होते, भराभर, हातात फाइल. पलंगावरच्या एका म्हातारीने माझ्याकडे हात केला होता. बोट जमिनीकडे होतं. मी ‘हो हो आजी’ म्हणून तो हात थोपटला, पाऊल पुढे टाकलं आणि वायरीत अडकून चप्पल तोडून घेतली. बाई मला सावध करत होत्या. आणि मी, चारचौघांत फजिती झाली म्हणून, चहा पिता पिता शेरा ठोकून दिला. ती वायर कोणाच्या हातातली आहे, हे विचारलंसुद्धा नाही. धरणी पोटात घेईल तर बरं, असं लोक का म्हणतात ते मला त्या खुर्चीत कळलं.

“मावशी तीनदा माझ्याकडे आली होती,” मेट्रन म्हणाली. “वायर खाली घ्या म्हणून. मी म्हटलं, शेरा मोडला तर दर्जा जाईल. मॅडम पुढच्या खेपेला येतील तेव्हा बघू.”

“मला एक फोन करायचा होतात!”

“तुम्हाला?” तिला खरंच आश्चर्य वाटलं. “तुम्ही फोन करता, मॅडम. तपासणीच्या आदल्या दिवशी, वह्या तयार ठेवा म्हणून. तुम्हाला फोन करायची पद्धत कुठे आहे?”

मी पुढचं पान उलटून वाचलं आणि पुन्हा मागच्या पानावर आले.

“पट्टी मी काढवली ती माझ्या बचावासाठी, नाही म्हणत नाही. पण तुमच्यासुद्धा. तुमच्या निवृत्तीला आठ महिने उरलेत, तुम्हीच सांगितलं होतं. मावशी काय, कुठेही भांडी घासेल.” तिने वही मिटली. “हे पान निघू शकतं. कोणी मोजत नाही.”

आणि सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट ही, की मी लगेच ‘नाही’ म्हटलं नाही. भिंतीवरचं घड्याळ बघितलं. संध्याकाळला अजून तीन तास होते.

“सगळ्यांना जेवणघरात बोलवा,” मी म्हटलं. निळी वही उचलून खुर्चीवरून उठले, तेव्हासुद्धा तिथे काय बोलणार हे माझं मलाच ठाऊक नव्हतं.

६

लांब टेबलाभोवती सगळे बसले. मालक, मेट्रन, मिस्त्री, मुलगा, चाकाच्या खुर्चीत टेलरकाकू. मावशी बसलीच नाही. शिक्षा ऐकायला आल्यासारखी भिंतीला टेकून उभी होती. तिच्या तोंडाकडे बघितलं आणि माझं ठरलं.

“काल दुपारी दीडच्या सुमाराला,” मी सुरुवात केली, “नकाशाबाईंना बाथरूमला जायचं होतं. बेल छताला बांधलेली. मग मदत कशी मागायची? चमच्याने. मावशी, वाटी तूच दिली होतीस ना?”

“हो,” ती म्हणाली. “बेल नाही तर निदान वाटी वाजवा म्हटलं. मला समोरच्या तीन नंबरपर्यंत ऐकू यायची.”

“काल वाटी वाजली नाही, कारण वाटी नव्हती. नुसता चमचा होता. काकू...”

 टेलरकाकूंनी अंगावरच्या शालीतून वाटी काढली आणि टेबलावर ठेवली. तिची कड सगळी चेपलेली होती.

“गादीखाली ठेवली होती,” त्या म्हणाल्या. “सारखी टणटण, टणटण. एक दुपार झोपू दे म्हटलं, उठल्यावर देते. मला जाग आली तेव्हा तिला खाली पाहिलं नाही हो मी, मला दिसत नाही! शेजारी पडली होती ती, आणि मी घोरत होते.” मग त्या रडायला लागल्या, आणि मावशीनेच जाऊन त्यांना पाणी दिलं.

“वाटी नाही, बेल नाही,” मी पुढे म्हणाले, “म्हणून बाई स्वतः उठायला गेल्या आणि पडल्या. मावशी तेव्हा कुठे होती?”

“तीन नंबरच्या आजोबांना उलट्या होत होत्या,” मावशी म्हणाली. “दीडपासून साडेतीनपर्यंत त्यांच्यापाशीच. चौदा माणसं आणि मी एकटी.”

“सह्या एक वाजताच का केल्यास?”

तिने मेट्रनकडे पाहिलं. उत्तर मीच दिलं, कारण ते मला निळ्या वहीच्या पुढच्याच पानावर सापडलं होतं. “वह्या दीड वाजता ऑफिसात जमा होतात म्हणून. तशा त्या स्वच्छ राहतात. मी गेल्या खेपेला कौतुकाने लिहिलं आहे : ‘वह्यांत एकही खाडाखोड नाही. अनुकरणीय.’ माणसं रोज पडतात, उठतात, ओकतात, आणि वहीत कधीच खाडाखोड नाही. सुईसुद्धा न सुटणाऱ्या माझ्या नजरेला त्यात काही खटकलं नाही.”

मालक खाकरले. “ते ठीक आहे मॅडम, पण मूळ गुन्हेगार कोण? बेल बांधली कोणी?”

मेट्रन माझ्याकडे टक लावून बघत होती. तिने मान अगदी किंचित हलवली : नको. मी निळी वही उघडून टेबलावर ठेवली.

“मी,” मी म्हटलं. “हुकूम माझा. मिस्त्रीने बांधली, मेट्रनने तशीच ठेवली, मुलाने पाहून न पाहिल्यासारखं केलं. सात महिने सगळ्यांना दिसत होतं. ते चूक आहे असं तोंडाने म्हणणारी फक्त एक बाई होती, आणि तिला आपण पोलिसांत द्यायला निघालो होतो.”

 निळी वही मी पिशवीत घातली. पान निघालं नव्हतं, मी मोजून पाहिलं होतं.

७

अहवाल त्याच संध्याकाळी गेला, पहिलं नाव माझं. मेट्रनला आणि मला एकाच दिवशी नोटीस आली. मावशीला सह्यांबद्दल ताकीद मिळाली आणि काम राहिलं. दुपारपाळीला आता दोन मदतनीस असतात. हे सगळं व्हायला एक खुबा मोडावा लागला, ही बाजू अहवालात कुठल्या रकान्यात लिहायची ते मला अजून कळलेलं नाही.

दीड महिन्याने नकाशाबाई सात नंबरमध्ये परतल्या. मी भेटायला गेले. आयुष्यात पहिल्यांदाच आधी फोन न करता. मेट्रनची चप्पल कागदात गुंडाळून ऑफिसात ठेवली, पण मेट्रन तिथे नव्हती.

मिस्त्रीने बेलची जोडणी बाईंच्या डोक्याशी आणली होती. वायर आता जमिनीवरून जातच नव्हती. तासाभराचं काम होतं ते, त्यानेच सांगितलं. बटण बाईंच्या डाव्या मुठीत होतं, आणि इतक्या दिवसांत त्यावर अंगठ्याचा डाग पडायला लागला होता.

“बाई,” मी म्हटलं, “ती वायर मी बांधायला लावली होती. तुम्ही मला सावध करत होतात आणि मी...” पुढचं नीट बोलता आलं नाही. माफी मागायचा सराव नव्हता.

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग बटण दाबलं. कॉरिडॉरमधून पावलं आली, मावशी दारात उभी.

“काय हवं, आजी?”

बाईंनी मान हलवली, काही नको. मावशी गेली. बाईंनी पुन्हा बटण दाबलं. मावशी पुन्हा आली. असं चार वेळा झालं. चौथ्या वेळी मावशी हसत होती आणि टेलरकाकू पलीकडून म्हणाल्या, “वाजव गं, वाजव. मी जागीच आहे.”

मग नकाशाबाईंनी बटण उशीवर ठेवलं, डावा हात उचलला, आणि माझ्याकडे बघत बोट खोलीच्या कोपऱ्याकडे केलं.

कोपऱ्यात एक रिकामी खुर्ची होती. बस म्हणत असतील. शिक्षिकेच्या बोटाचा दुसराही अर्थ होतो, तो मला लहानपणापासून माहीत आहे. कोणता, ते मी विचारलं नाही. कोपऱ्यात गेले आणि त्या डोळे मिटेपर्यंत उभी राहिले.